आधी कान, मग इअरफोन

आज गाणं थोडं कमी वाजेल. गाणं तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्या एका वस्तूबद्दल बोलायचं आहे. ब्लॅक फ्रायडेच्या सवलती जवळ आल्या की विचारणा सुरू होते: "ताई, कानात घालायचे चांगले इअरफोन कुठले घेऊ? बाहेरचा गोंगाट ऐकू न येणारे." दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा अख्खा भागच त्याला दिला.

गेल्या हिवाळ्यात मी संध्याकाळी सेंट्रल लाईनने घरी येत होते. कानात विलंबित ख्याल. बोगद्यात गाडीची चाकं किंचाळायला लागली की तानपुरा गायब व्हायचा, मग आवाज दोन घरं वर. गाडी थांबली की तसाच, पुढच्या बोगद्यात आणखी एक घर वर. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा टाकताना तेच इअरफोन लावले. तेच रेकॉर्डिंग, आवाज कुणी बदललेला नव्हता. पहिल्याच सुराला अशी दचकले की गाळणी हातातून सिंकमध्ये पडली. रात्री मला जो आवाज जेमतेम पुरत होता, तो शांत स्वयंपाकघरात अक्षरशः अंगावर आला. म्हणजे आदल्या संध्याकाळी माझ्या कानांवर तो तेवढ्याच जोराने आदळत होता, फक्त गाडीच्या गोंगाटात मला ते कळलं नव्हतं.

आपण "गोंगाट अडवणारे" इअरफोन घेतो ते गाणं छान ऐकू यावं म्हणून. पण गोंगाट अडला की आवाज कमी ठेवता येतो, हा त्यांचा खरा फायदा आहे.

थोडा हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2019 साली ऐकण्याच्या साधनांसाठी एक मानक ठरवलं. त्यानुसार मोठ्या माणसाला 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो, मुलांसाठी तेवढ्याच वेळेला मर्यादा 75 डेसिबलची आहे. मेख पुढे आहे. दर 3 डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. 83 ला 20 तास, 86 ला 10, 89 ला 5, 92 ला अडीच तास, 95 ला सव्वा तास. लंडनच्या भुयारी रेल्वेत काही टप्प्यांवर गोंगाट 85 डेसिबलच्या सहज पुढे जातो. त्याच्यावर गाणं नीट ऐकू यायला निदान 10 डेसिबल तरी चढवावे लागतात, म्हणजे झाले 95. जाता-येता एक-एक तास धरला, तर आठवड्याचा सगळा कोटा सोमवारी संध्याकाळी घरी पोचण्याआधीच संपलेला असतो. मंगळवारपासून आपण उधारीवर ऐकतो.

ही उधारी कोण फेडतं? कानाच्या आत, गोगलगायीच्या शंखासारख्या भागात, केसांसारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. एका कानात साधारण 15,000. आवाजाचं रूपांतर मेंदूला कळणाऱ्या संदेशात त्या करतात. माणसात या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. पहिला फटका बसतो तो बहुधा वरच्या पट्टीच्या आवाजांना. म्हणजे 'स' आणि 'श' मधला फरक, तानपुऱ्याची जवारी, पखवाजासोबतच्या टाळांची किणकिण. खालचे सूर ऐकू येत राहतात, त्यामुळे माणसाला वाटतं आपले कान ठणठणीत आहेत, समोरचेच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.

आता गोंगाट अडवायचा कसा? दोन रस्ते आहेत आणि दुकानात ते दोन्ही एकाच नावाने विकले जातात, म्हणून घोळ होतो.

पहिला रस्ता आपल्या आज्यांना ठाऊक होता: कानात बोळा घालणे. इअरफोनच्या तोंडावर जी रबराची किंवा फोमची टोपी असते, तिला टिप म्हणतात. ती कानाची नळी बंद करते आणि बाहेरचा आवाज आत शिरत नाही. याला बॅटरी लागत नाही.

दुसरा रस्ता इलेक्ट्रॉनिक. इअरफोनमधला छोटा मायक्रोफोन बाहेरचा आवाज ऐकतो आणि त्याची बरोबर उलटी लहर तयार करून आत सोडतो. लाट वर जाते तिथे ही खाली जाते, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग या जर्मन माणसाला 1936 साली अमेरिकेत याचं पेटंट मिळालं होतं. वापरण्याजोगी वस्तू व्हायला मात्र काळ जावा लागला. बंगाली वडिलांचे चिरंजीव अमर बोस यांच्या मनात 1978 साली विमानप्रवासात हेडफोन लावल्यावर हा विचार पक्का झाला, आणि त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट 1989 साली बाजारात आला.

ही उलटी लहर खालच्या, एकसुरी आवाजांवर उत्तम चालते. विमानाची घरघर, बसचं इंजिन, घरातला पंखा. वरच्या पट्टीच्या आणि अचानक येणाऱ्या आवाजांवर तिचा तेवढा जोर नाही. चाकांची किंचाळी, शेजारच्या सीटवरचं बाळ, कुणी आपटलेली थाळी. ते आवाज अडवायला शेवटी बोळाच लागतो. म्हणून बॅटरीवाले महागडे इअरफोन घेतलेत आणि टिप कानात सैल बसली, तर निम्मे पैसे पाण्यात. अगदी कानाच्या वाटीत नुसते टेकणारे, टिप नसलेले इअरफोन तर गोंगाट जवळपास अडवतच नाहीत. ते गल्लीत फिरताना बरे. गाडीत ते लावून आवाज चढवणं हा सगळ्यात वाईट प्रकार.

आता बोळ्याच्या वाटेने जरा खोल जाऊ, कारण अस्सल गंमत तिथे आहे.

आज गाण्यासाठी विकले जाणारे हे इअरफोन दोन ठिकाणांहून आले. एक म्हणजे श्रवणतपासणीची खोली. मीड किलियन या अमेरिकन श्रवणतज्ज्ञाने 1983 साली इटिमॉटिक रिसर्च ही कंपनी काढली. कान तपासताना नळीत खोल घालायचे इअरफोन त्यांनी बनवले, आणि त्याच विद्येतून 1991 मध्ये गाण्यासाठीचा ईआर-4 आला. तीन छत्र्या एकावर एक ठेवल्यासारखी त्याची टिप कानात इतकी खोल जाते की पहिल्यांदा घालणारा घाबरतो. पण नीट बसली तर 35 डेसिबलच्या आसपास गोंगाट अडवते, जो आकडा बॅटरीवाल्या पुष्कळांना जमत नाही. दुसरं ठिकाण रंगमंचाचं. रॉक बँडच्या ड्रमच्या गदारोळात वादकाला स्वतःचं ऐकू यावं म्हणून 1990 च्या दशकात जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन बँडच्या ड्रमरसाठी कानाच्या मापाचे इअरफोन केले. त्यातून 1995 साली अल्टिमेट इअर्स उभी राहिली. आपल्याकडच्या मोठ्या कार्यक्रमांतही हल्ली गायकाच्या कानात पारदर्शक काहीतरी दिसतं, ते याच घराण्यातलं.

दोन्हींचं मर्म एकच: कानाची नळी हवाबंद झाली पाहिजे. गोंगाट अडवायला तर ती हवीच, पण खर्जासाठीही हवी. सायकलचा पंप आठवा. वॉशर ढिला असला आणि दांडा हळूहळू दाबला, तर हवा कडेने निघून जाते, टायरमध्ये काहीच जात नाही. जोरात, झटक्याने दाबला तर थोडी तरी जाते. इअरफोनच्या आतला पडदाही असाच पंप आहे. खालच्या पट्टीचा सूर म्हणजे सावकाश ढकलणं, वरच्या पट्टीचा सूर म्हणजे झटके. टिपच्या कडेला फट असेल तर सावकाश ढकललेली हवा निसटते, म्हणजे खर्ज निसटतो, आणि वरचे सूर तेवढे उरतात. मग आपण म्हणतो, "हे इअरफोन पातळ वाजतात, कर्कश आहेत." इअरफोन बिचारे बरे असतात. टिप चुकलेली असते. मी स्वतः एक चांगली जोडी सहा महिने ड्रॉवरमध्ये टाकून ठेवली होती. एक माप लहान टिप लावल्यावर ती बोलायला लागली.

हे तपासायला आपल्याकडे जगातलं सर्वोत्तम वाद्य आहे, ते म्हणजे डग्गा. एखादं संथ लयीतलं तबल्याचं रेकॉर्डिंग लावा. डग्ग्यावर थाप पडल्यावर वादक मनगट पुढे सरकवतो आणि आवाज खालून वर घुमत जातो. तो घुमारा पोटात जाणवला पाहिजे. नुसता टप असा ठोका आला आणि घुमारा आलाच नाही, तर कुठेतरी फट आहे. आता इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर घुमारा आला आणि बोट काढल्यावर गेला, तर निदान पक्कं झालं. दुसरी खूण याहून सोपी. टिपा घालून ओठ मिटा आणि नुसता 'म' गुणगुणा. नळी बंद असेल तर स्वतःचाच आवाज डोक्यात मोठा आणि घुमल्यासारखा येईल. एकाच कानात आला तर दुसरी बाजू सैल आहे.

आणि हो, दोन्ही कानांचं माप सारखं असेलच असं नाही. माझ्या उजव्या कानाला मधलं माप लागतं, डाव्याला लहान. डब्यात तीन-चार मापांच्या टिपा येतात, त्या आपण उघडूनही बघत नाही, लावून आलेली मधली तशीच वापरतो. लहान चणीच्या बायकांना आणि मुलांना ती बहुतेक वेळा मोठी होते. मग कान दुखतो आणि 'मला इअरफोन मानवत नाहीत' असा निष्कर्ष निघतो. सगळ्यात लहान मापापासून सुरुवात करा.

घालण्याचीही एक पद्धत आहे. कानाची नळी सरळ नसते, तिला बाक असतो. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून न्या, कानाची पाळी वर आणि मागे ओढा, नळी थोडी सरळ होते, मग उजव्या हाताने इअरफोन सरकवा. फोमची टिप असेल तर ती आधी बोटांत वळून वातीसारखी बारीक करा, घाला, आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवा. सिलिकॉनची टिप धुता येते आणि टिकते. फोमची जास्त गोंगाट अडवते आणि मऊ असते, पण काही महिन्यांत तिचा जीव जातो आणि नवी घ्यावी लागते. काढताना झटका देऊ नका, हळूच पिळत काढा. हवाबंद नळीत झटका बसला तर पडद्याला त्रास होतो. मुंबईच्या नऊ तासांच्या विमानात हे इअरफोन मुलांना जरूर द्या, पण विमान खाली उतरायला लागलं की काढायला सांगा. हवेचा दाब बदलताना कान मोकळे असलेले बरे.

वायरचे घेतलेत तर एक नवा शत्रू भेटेल. वायर कोटाच्या चेनला घासली की कानात खरखर होते, कारण बाहेरचा गोंगाट गेल्यामुळे आता तीच एक उरलेली असते. वायर कानावरून मागे वळवून घातली की हे पुष्कळ कमी होतं. काही इअरफोन तशाच घडणीचे येतात. चालताना स्वतःच्या पावलांची धप्प आणि चिवडा खाताना होणारा गडगडाट यांना मात्र इलाज नाही.

आता आतल्या यंत्राबद्दल. जाहिरातीत 'पाच ड्रायव्हर', 'आठ ड्रायव्हर' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा भाग. एक प्रकार डायनॅमिक, म्हणजे स्पीकरचंच बाळ, पडदा पुढेमागे हलतो. दुसरा बॅलन्स्ड आर्मेचर, श्रवणयंत्रातून आलेला, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, आत एक सूक्ष्म पाती थरथरते. पहिल्याचा खर्ज सहसा भरदार, दुसऱ्याचे बारकावे स्वच्छ, असं म्हणण्याची पद्धत आहे आणि ते ढोबळमानाने खरंही आहे. पण ड्रायव्हर मोजून इअरफोन निवडणं म्हणजे तारा मोजून तानपुरा निवडण्यासारखं झालं. एका चांगल्या ड्रायव्हरची जोडी सहा ड्रायव्हरवालीला सहज मागे टाकते. वर सांगितलेल्या ईआर-4 मध्ये एका बाजूला एकच असतो.

त्यापेक्षा ही गोष्ट समजून घ्या. पेनाच्या टोपणात फुंकर घालून आपण शाळेत शिट्टी वाजवायचो. एका टोकाला बंद असलेल्या नळीला स्वतःचा एक सूर असतो. कानाची नळीही तशीच आहे: सुमारे अडीच सेंटिमीटर लांब, आतल्या टोकाला पडद्याने बंद. 3000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती आपोआप मोठे करते. जन्मापासून आपण जग असंच ऐकत आलो आहोत. गाणाऱ्याच्या आवाजातली झळाळी आणि शब्दांतली व्यंजनं त्याच भागात असतात. नळीच्या तोंडाशी बूच बसवलं की हा निसर्गाचा वाढावा नाहीसा होतो, तो इअरफोन बनवणाऱ्याने परत भरून द्यावा लागतो. किती आणि नेमका कुठे भरला, यावर इअरफोनचा स्वभाव ठरतो. कमी भरला तर गायिका पडद्यामागून गाते आहे असं वाटतं. जास्त भरला तर ती कानात ओरडते.

बाजारातले पुष्कळ इअरफोन नाचाच्या संगीतासाठी खर्ज फुगवून केलेले असतात. त्यावर डग्गा इतका फुगतो की गाणं त्याच्याखाली दबतं. म्हणून दुकानात त्यांनी लावलेलं गाणं ऐकून ठरवू नका. स्वतःचं, शंभरदा ऐकलेलं रेकॉर्डिंग फोनमध्ये घेऊन जा. मी तीन नेते. एक संथ ख्यालाचं, डग्ग्यासाठी आणि तानपुऱ्यासाठी. दुसरं टाळ-पखवाजाच्या गजरातल्या अभंगाचं. टाळ म्हणजे वरच्या सुरांची कसोटी. त्यांची किणकिण सुटी सुटी ऐकू आली तर ठीक, 'छस्स-छस्स' असा एकच फवारा आला तर ते इअरफोन तासाभरात कान शिणवतील. तिसरं नुसत्या बोलण्याचं, एखादं कथाकथन. माणसाचा आवाज खोटा वाटला तर पुढे बघायलाच नको.

जुनी रेकॉर्डिंग ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. अब्दुल करीम खाँसाहेब गेले 1937 साली, त्यांचं आपल्याकडे आहे ते 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवरून आलेलं, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. चांगले इअरफोन लावल्यावर त्यातली सुईची खरखर आधीपेक्षा जास्त ऐकू येईल. तो इअरफोनचा दोष नाही. अशा गाण्यांसाठी वरचे सूर थोडे मऊ असलेली जोडी जास्त सुखाची.

ब्लूटूथ घ्यावं की वायर? प्रवासात ऐकायचं असेल तर ब्लूटूथ सोयीचं आहे, विशेषतः बॅटरीवाली उलटी लहर हवी असेल तेव्हा. पण ज्या घरांत मुलं पुण्या-मुंबईच्या गुरुजींकडे ऑनलाईन गाणं शिकतात, त्यांनी शिकवणीसाठी वायरचेच ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला थोडा उशीर होतो. तबल्याच्या ॲपबरोबर रियाज करताना सम हातातून निसटते ती यामुळेही. शिवाय ब्लूटूथ इअरफोनचाच माईक चालू केला की बरीच यंत्रं टेलिफोनसारख्या खालच्या दर्जाच्या आवाजावर घसरतात. गुरुजी श्रुती दाखवत असतात आणि मुलाच्या कानात पोचतो तो एसटी स्टँडवरचा भोंगा. नव्या फोनला वायरचं भोक नसतं, तर चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा जोड मिळतो. तो पुरतो.

किमतीचं सांगायचं तर, वायरच्या जोड्यांत गेल्या काही वर्षांत चिनी कंपन्यांनी बाजार पालथा घातला आहे. वीस ते पन्नास पौंडांत आज जे मिळतं ते ऐकून मी थक्क होते. शंभर-दीडशेच्या पुढे मिळतो तो फरक खरा असतो, पण तो शांत खोलीत कळतो, गाडीत नाही. माझा हिशोब असा आहे: पन्नास पौंड इअरफोनला आणि पंधरा चांगल्या टिपांना, हे दीडशेच्या इअरफोनला डब्यातल्या टिपा लावण्यापेक्षा बरं. वायर सुटी करता येणारे घ्या, कारण सगळ्यात आधी वायरच तुटते. एक व्यवहाराची गोष्ट. ब्रिटनमध्ये ऑनलाईन घेतलेली वस्तू एरवी 14 दिवसांत रद्द करता येते, पण आरोग्याच्या कारणासाठी सीलबंद असलेल्या वस्तूचं सील फोडल्यावर तो हक्क उरत नाही, आणि इअरफोनच्या बाबतीत विक्रेते हेच कलम दाखवतात. डबा उघडण्याआधी अटी वाचा, किंवा जिथे ऐकून बघता येतं अशा दुकानात जा. नामांकित जोड्यांच्या हुबेहूब नकला ऑनलाईन बाजारांत खूप आहेत. निम्म्या किमतीत मिळत असेल तर शंका घ्या, मग तो भाचा "मामी, येताना घेऊन ये" म्हणून कितीही मागे लागो.

कानाचा साचा घेऊन करून मिळणारेही असतात. श्रवणतज्ज्ञ कानात मऊ लगदा भरून ठसा घेतो. रोज तासन्‌तास ऐकणाऱ्याला ते उत्तम. वाढत्या वयाच्या मुलांना करून देऊ नका. वर्षा-दोन वर्षांत कान वाढतो आणि साचा वाया जातो.

आता स्वच्छता. टिप रोज आत-बाहेर झाली की कानातला मळ आत ढकलला जातो. इअरफोनच्या तोंडावरची बारीक जाळी तुंबली की एक बाजू हळू वाजायला लागते, आणि लोक नवे विकत आणतात. आधी जाळी मऊ कोरड्या ब्रशने पुसून बघा. काड्या घालून कान कोरू नका. मळ सुटायला ऑलिव्ह किंवा बदामाच्या तेलाचे थेंब घालायला इथली एनएचएससुद्धा सांगते, तेव्हा आजीचं कोमट तेल अगदीच वेडेपणाचं नव्हतं. पण पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल किंवा ठणकत असेल तर तेलही नको आणि इअरफोनही नकोत, आधी डॉक्टर. कानात रातकिडे ओरडल्यासारखा आवाज दिवसेंदिवस टिकला तरी दाखवा. आणि एका कानाने अचानक, एखाद्या दिवसात ऐकू येईनासं झालं, तर आठवड्याची वाट बघू नका. त्याच दिवशी जा, कारण उपचाराला उशीर झाला की उपयोग कमी होतो.

जिथे घालू नयेत अशा जागाही आहेत. रस्ता ओलांडताना, सायकलवर, रात्री उशिरा एकट्याने स्टेशनवरून घरी येताना. इतका नीट अडवलेला गोंगाट म्हणजे मागून येणारी बसही अडवलेली. काही बॅटरीवाल्या जोड्यांत बाहेरचा आवाज आत घेण्याची सोय असते, पण मी रस्त्यावर एक कान सरळ मोकळाच ठेवते. घरी आजी-आजोबांना लावून दिलेत तर दाराची घंटा आणि स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा कोण ऐकणार आहे, तेही आधी ठरवा.

शेवटची कसोटी पैसे न लागणारी आहे. नवी जोडी आणल्यावर एक आठवडा गाडीत नेहमीचं गाणं लावा आणि आवाजाची पट्टी किती घरांवर आहे ते लक्षात ठेवा. जुन्या जोडीपेक्षा चार-पाच घरं खाली असून तानपुरा ऐकू येत असेल, तर जोडी तुमच्या कानाची आहे. आयफोनच्या आरोग्य ॲपमध्ये आणि काही अँड्रॉइड फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंदही दिसते, ती मुलांच्या फोनवर एकदा त्यांच्याबरोबर बसून बघा. पट्टी खाली आली नसेल, तर नवे विकत घेण्याआधी टिप बदला.

माझी पट्टी आता निम्म्याच्या जरा खाली असते. सेंट्रल लाईन तीच आहे.

आता दोन मिनिटं नुसता तबला लावते, विलंबित एकताल. जवळ इअरफोन असतील तर घाला, कानाची पाळी मागे ओढून. डग्ग्याचा घुमारा येतो का बघा, आणि नाही आला तर एक माप लहान टिप लावून पुन्हा ऐका.

(तबला, विलंबित एकताल, दोन मिनिटे.)